घाटमार्गाच्या मॉडेलसाठी खडी: अक्रोडाचे कवच, परदेशी दगड आणि आपला बेसॉल्ट

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे रूळ आणि देखाव्याच्या मांडणीवर, इंजिने, डबे आणि स्थानकाच्या इमारती निवडताना जेवढा विचार केला जातो, त्याच्या पावपटसुद्धा विचार रुळांखालच्या खडीचा होत नाही. वास्तविक, लेआउटचे कोणतेही छायाचित्र पाहिले, तर गाडीच्या खालोखाल नजर जाते ती खडीवरच. शिवाय एकदा गोंदाने पक्की केलेली खडी बदलायची म्हटले, की रूळ उखडण्याचीच वेळ येते. म्हणून एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणात, भोर घाटातल्या ब्रॉडगेज मार्गाचा एक भाग उभा करताना जे पर्याय वापरून पाहिले, त्यांचे हे सविस्तर परीक्षण देत आहे. घाटाचा हा मार्ग 1863 मध्ये सुरू झाला, त्याचा चढ 1:37 आहे आणि तो सर्वस्वी काळ्या पाषाणातून जातो. खडीच्या निवडीवर या पाषाणाचा मोठा प्रभाव आहे, हे पुढे स्पष्ट होईलच.

प्रथम आकाराविषयी लिहितो, कारण माझ्या मते खडी कशाची आहे यापेक्षा ती केवढी आहे हे अधिक महत्त्वाचे आहे. भारतीय रेल्वेची खडी साधारणपणे 20 ते 65 मिलिमीटरच्या दरम्यान असते. 65 मिलिमीटरच्या चाळणीवर जेमतेम 5 टक्के दगड राहिलेले चालतात आणि 20 मिलिमीटरच्या चाळणीतून जवळजवळ काहीच खाली पडू नये, असा दंडक आहे. या मापांना 87 ने भागले, तर खडीचा कण 0.23 ते 0.75 मिलिमीटरच्या दरम्यान असायला हवा. आता पाकिटातल्या जाडसर खडीचा एक मिलिमीटरचा कण घ्या. तो प्रत्यक्षात 87 मिलिमीटरचा, म्हणजे मुठीएवढा धोंडा झाला. अशा धोंड्यांमध्ये बसवलेला रूळ कितीही सुबक असला तरी खेळण्यातला वाटतो. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधली रुंदी 1676 मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये ती 19.3 मिलिमीटर भरायला हवी. बाजारात मिळणारा रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचाच असतो, आणि या तफावतीवर आपल्याकडचे हौशी लोक फार हळहळतात. ती तफावत नजर सहज खपवून घेते, पण प्रमाणाबाहेरची खडी ती कधीच खपवून घेत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत सहज उपलब्ध असलेला पर्याय म्हणजे वुडलँड सिनिक्स या अमेरिकी कंपनीची खडी. ती दगडाची नसून अक्रोडाचे कवच दळून, रंगवून तयार केलेली असते. फाइन, मीडियम आणि कोर्स अशा तीन आकारांत आणि राखी, तपकिरी, कोळशाच्या राखेसारखा काळा अशा अनेक रंगांत ती मिळते. एचओसाठी यांतली फक्त फाइन घ्यावी. पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी मीडियमच्या वाटेला जाऊ नये. या खडीचे गुण खरे आहेत: ती हलकी आहे, कण बऱ्यापैकी एकसारखे आहेत, धूळ जवळजवळ नाही आणि चुंबकाला ती अजिबात दाद देत नाही. ज्यांचा लेआउट सुटे भाग जोडून प्रदर्शनाला न्यावा लागतो, त्यांच्यासाठी हलकेपणा हा लहान गुण नव्हे.

तिचा दोष मात्र याच हलकेपणात आहे. अक्रोडाच्या कवचाची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त असते. त्यामुळे पातळ केलेला गोंद ड्रॉपरने सोडताच बारीक कण पाण्याच्या पृष्ठभागावर चढतात आणि ओघळाबरोबर सरकत स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, जाऊन बसतात. ब्रशने नीट कोरून काढलेली खडीची कड पाहता पाहता विस्कटते. यावर उपाय आहे, तो असा की आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी बारीक फवारा उंचावरून मारून सगळी खडी दमट करून घ्यायची आणि मगच गोंद सोडायचा. असे केल्यास कण जागेवर राहतात, परंतु दरवेळी ही काळजी घ्यावीच लागते. दुसरी उणीव दिसण्यातली आहे. दगड फुटतो तेव्हा त्याला धारदार कडा आणि सपाट पैलू येतात, कवच दळले की कण काहीसा गोलसर आणि मऊ दिसतो. दोन-तीन फुटांवरून हा फरक कळत नाही, पण कॅमेरा रुळाच्या पातळीला आणला की लगेच कळतो.

दुसरा पर्याय परदेशी दगडाचा. अमेरिकेतील ॲरिझोना रॉक अँड मिनरल ही कंपनी खरा दगड फोडून आणि चाळून विकते, आणि युरोपात नोखसारख्या कंपन्यांकडेही खऱ्या दगडाची खडी मिळते. तिकडे हौशी लोक ज्या रेल्वेचे मॉडेल करतात तिच्याच रंगाची खडी शोधतात. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या रेल्वेमार्गावर विस्कॉन्सिनमधील गुलाबी क्वार्टझाइटची खडी असे, म्हणून तिच्या मॉडेलला गुलाबीच खडी लागते. ही दृष्टी आपण उचलण्यासारखी आहे. मात्र तिकडचा दगड उचलण्यासारखा नाही. दगड गोंदाच्या पाण्याने हलत नाही, त्याच्या कडा धारदार दिसतात, काम फार सुंदर होते, हे सगळे मान्य आहे. पण वजनदार वस्तूचे टपाल आणि सीमाशुल्क भरून आपण जो दगड मागवतो, तो सह्याद्रीच्या रंगाचा नसतो. मी एका विक्रेत्याकडून मागवलेल्या पाकिटात तर तळाशी बोटभर भुकटी होती आणि चाळल्यानंतर हाती आलेली खडी वजनाच्या मानाने फारच थोडी निघाली. करड्या रंगाच्या पाकिटांत बहुधा निळसर छटेचा ग्रॅनाइट किंवा पांढुरका चुनखडक असतो. कर्नाटकातल्या किंवा तमिळनाडूतल्या मार्गाचे मॉडेल करणाऱ्यांना ग्रॅनाइटची फिकट खडी चालेल, किंबहुना तीच शोभेल. घाटासाठी ती परकी दिसते.

आता आपल्या बेसॉल्टविषयी. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत रेल्वेची खडी याच काळ्या पाषाणाची असते, आणि ज्या क्रशरवर ती फोडली जाते तिथेच बारीक कच आणि बांधकामाची कृत्रिम वाळूही तयार होते. म्हणजे मूळ रुळांखाली असलेला दगडच आपल्याला मॉडेलसाठी मिळू शकतो, आणि तोही जवळजवळ फुकट, कारण बांधकामाच्या जागेवरून विचारून आणलेली एक घमेलेभर कच मोठ्या लेआउटलाही पुरून उरते. अडचण एवढीच की कच जशी आहे तशी निरुपयोगी असते. तिच्यात पिठासारख्या भुकटीपासून पाच मिलिमीटरच्या कणांपर्यंत सर्व काही असते.

चाळणीचा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटला. घरातल्या रव्याच्या आणि मैद्याच्या चाळण्यांनी काम भागते, परंतु त्यांच्या जाळीचे माप निश्चित नसते आणि दोन दुकानांतल्या दोन चाळण्या सारख्या नसतात. बांधकामाच्या वाळूची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांत मात्र ठरावीक मापाच्या चाळण्या असतात: 4.75 मिलिमीटर, 2.36, 1.18, मग 600 मायक्रॉन (म्हणजे 0.6 मिलिमीटर), 300 आणि 150. यातल्या 600 मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडलेला आणि 300 मायक्रॉनच्या चाळणीवर अडलेला माल वेगळा काढा. 87 ने गुणले तर तो 26 ते 52 मिलिमीटरचा दगड होतो, म्हणजे रेल्वेच्या मापाच्या बरोबर मधोमध. ब्रिटिश ओओ प्रमाणात, म्हणजे 1:76 मध्ये, तोच माल 23 ते 46 मिलिमीटरचा भरतो आणि तिथेही उत्तम चालतो. एन प्रमाणात, म्हणजे 1:160 मध्ये काम करणाऱ्यांनी एक पायरी खाली उतरून 300 ते 150 मायक्रॉनमधला माल घ्यावा. तो 24 ते 48 मिलिमीटरचा होतो. एका घमेल्यातून दोन्ही प्रमाणांची खडी निघते आणि काहीच वाया जात नाही, कारण 600 मायक्रॉनच्या वर राहिलेला माल दरडीखालच्या दगडगोट्यांसाठी, बोगद्याच्या तोंडाशी आणि नदीपात्रात वापरता येतो. स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारे कोणी ओळखीत असेल, तर अशा चाळण्या पाहायला मिळणे कठीण नाही. विकत घ्यायच्या झाल्या तर लहान व्यासाच्या दोनच चाळण्या पुरतात.

चाळल्यानंतर धुणे अत्यावश्यक आहे आणि ही पायरी कोणीही गाळू नये. कणांना चिकटलेली दगडाची भुकटी गोंदाच्या पाण्यात मिसळली, तर वाळल्यावर सगळ्या खडीवर सिमेंट फासल्यासारखा फिकट थर दिसतो आणि कणांमधल्या सावल्या नाहीशा होतात. बादलीत पाणी घालून ढवळावे, गढूळ पाणी ओतून टाकावे आणि वरचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहावे. तांदूळ धुण्याचेच काम आहे, फक्त चिकाटी जास्त लागते. नंतर उन्हात किंवा जुन्या तव्यावर खडी पूर्ण कोरडी करावी. कोरडी कच चाळताना तोंडाला मास्क लावावा, दगडाची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये.

बेसॉल्टचा एक खरा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. या दगडात मॅग्नेटाइटच्या जातीची लोहखनिजे असतात, त्यामुळे त्याचे काही कण चुंबकाला चिकटतात. मॉडेल इंजिनाच्या मोटारीत कायम चुंबक असतो आणि तो रुळापासून फार उंच नसतो. डबे आपोआप सोडवण्यासाठी रुळांच्या मधे केडीसारख्या कंपन्यांचे चुंबक बसवले असतील, तर त्यांच्याभोवतीही असे कण गोळा होतात. सुटा राहिलेला एखादा कण मोटारीत किंवा दातेरी चाकांत शिरला तर नुकसान होऊ शकते. यावर शक्तिशाली निओडिमियम चुंबक फिरवणे हा उपाय अनेक जण सुचवतात, परंतु तो चुंबक निम्मी खडीच उचलून नेतो. साधा फेराइट चुंबक, जसा जुन्या स्पीकरमधून निघतो, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खडीच्या थराच्या बोटभर वरून फिरवावा. जे कण एवढ्या अंतरावरून उडी मारून चिकटतात तेवढेच काढून टाकावेत, बाकीचे गोंदाखाली निमूट राहतात. सर्व काम वाळल्यानंतर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मोजा बांधून एकदा सगळ्या रुळांवरून फिरवला, की सुटे कण मोज्यात जमा होतात आणि तेच पुन्हा वापरता येतात.

रंगाच्या बाबतीत बेसॉल्ट निर्विवादपणे सरस आहे. धुतलेला बारीक बेसॉल्ट कोरडा असताना मध्यम राखी दिसतो आणि गोंद पडल्यावर एखादी छटा गडद होतो, म्हणून थेट लेआउटवर न टाकता रुळाच्या एका फालतू तुकड्यावर आधी नमुना करून तो पूर्ण वाळल्यावरच रंग ठरवावा. घाटात उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची पूड वर्षानुवर्षे पडून रुळांच्या आतल्या आणि लगतच्या खडीला गंजाची तपकिरी छटा आलेली असते, तर खडीचा बाहेरचा उतार तुलनेने काळसर राहतो. अगदी पातळ तपकिरी ॲक्रिलिक रंगाचा हात फक्त रुळांच्या बाजूने फिरवला, की हा फरक साधतो. रंगवलेल्या कवचावर हाच हात दिला तर ते एकसुरी तपकिरी होते. दगडाच्या पैलूंवर मात्र रंग कमी-जास्त धरतो आणि ते खरे वाटते. कोकण रेल्वेचे मॉडेल करणाऱ्यांसाठी तर राखी बेसॉल्ट आणि शेजारी जांभ्याच्या लाल कटिंगचा विरोधाभास हा दृश्याचा प्राणच आहे, तिथे खडी लालसर करण्याचा मोह टाळावा.

समुद्राच्या किंवा नदीच्या वाळूविषयी थोडक्यात: वापरू नये. कण गोल असतात, समुद्राच्या वाळूत मीठ असते, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि त्यासोबतची लोहखनिजे इतकी असतात की चुंबकाचा प्रश्न बेसॉल्टपेक्षा कितीतरी वाढतो. रवा किंवा तत्सम खाद्यपदार्थ रंगवून वापरण्याची कल्पनाही मधूनमधून पुढे येते. आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी आणि मुंग्या लागतील, एवढे सांगणे पुरे.

खडीचा आकार प्लास्टिकमध्येच घडवून आलेले रूळ, जसे काटोचे युनिट्रॅक किंवा मार्कलिनचे सी-ट्रॅक, हा वेगळाच मार्ग आहे. ज्यांना लेआउट दर वेळी जमिनीवर मांडून पुन्हा आवरायचा असतो, त्यांच्यासाठी तो सर्वोत्तम आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. कायमच्या लेआउटवर असे रूळ वापरायचे असतील, तर त्या प्लास्टिकच्या उतारावर पातळ गोंद लावून बारीक खडीचा एक थर पसरावा. चकाकी जाते आणि रुळांच्या तुकड्यांचे जोड झाकले जातात.

गोंदाची निवडही खडीच्या परिणामाचाच भाग आहे. साधा पांढरा फेव्हिकॉल एकास दोन भाग पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब घातला, की बेसॉल्ट घट्ट बसतो. हा गोंद स्वस्त आहे आणि पुढे रूळ हलवायचा झाल्यास कोमट पाण्याने भिजवून खडी मोकळीही करता येते. पण वाळल्यावर तो कडक होतो आणि मग खडी, रूळ व खालचा प्लायवूड एकसंध होऊन गाडीचा आवाज मोठा घुमतो. रुळांखाली कॉर्कची पट्टी टाकली असली तरी खडीचा उतार कॉर्कवरून थेट प्लायवूडपर्यंत उतरला, तर गोंदाच्या वाटेने आवाज खाली पोहोचतोच. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे ॲक्रिलिक मॅट मीडियम पातळ करून वापरले तर ते वाळल्यावरही किंचित लवचीक राहते, आवाज बराच कमी होतो आणि चकाकीही येत नाही. ते महाग पडते, म्हणून मुख्य मार्गासाठी मॅट मीडियम आणि यार्डासाठी, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या रुळांसाठी, फेव्हिकॉल अशी विभागणी मला योग्य वाटते.

किती खडी लागेल याचा अंदाज: कॉर्कवर टाकलेल्या एकेरी एचओ मार्गाला मीटरमागे 75 ते 100 घनसेंटिमीटर पुरते. ती पसरवताना कागदी कपाच्या काठाला चिमटीने चोच काढून रुळांच्या मधोमध बारीक धार सोडावी, मऊ ब्रशने कण स्लीपरवरून मधल्या फटींत सारावेत आणि शेवटी बोटाने रुळावर हलकेच टिचक्या माराव्यात. स्लीपरवर अडकलेले कण टिचक्यांनी आपोआप खाली सरकतात. काँक्रीटच्या स्लीपरचा माथा स्वच्छ आणि उघडा दिसला पाहिजे. किलोमीटरला 1660 स्लीपर या हिशेबाने मॉडेलमध्ये दोन स्लीपरांच्या मध्यबिंदूंमधले अंतर जेमतेम सात मिलिमीटर येते, त्यामुळे फटी अरुंद असतात आणि इथेही बारीक चाळलेला मालच नीट बसतो. जाड कण फटीत अडकून वर डोकावतात आणि चाकाच्या कडेला लागतात.

सर्व ठिकाणी एकच खडी टाकण्याचे मात्र कारण नाही. मुख्य मार्गावर धुतलेला बेसॉल्ट आणि स्पष्ट कोरलेला उतार हवा. यार्डात खडी स्लीपरच्या पातळीपर्यंत भरलेली, मातकट आणि तेलाने काळवंडलेली असते, तिथे चाळणीखाली उरलेली भुकटी थोडी मिसळली तर उत्तम. मोठ्या स्थानकांत फलाटालगतच्या रुळांखाली पुष्कळदा खडी नसतेच, धुता येण्यासाठी काँक्रीटचा पृष्ठभाग केलेला असतो. तो दाखवला तर खडीही वाचते आणि भारतीय स्थानकाची ओळखही पटते.

अक्रोडाच्या कवचाची शिफारस मी एका जागेसाठी आवर्जून करतो, आणि ती म्हणजे सांधे, जिथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते. तिथली सरकती पाती आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी यांच्या फटीत दगडाचा एक कण अडकला तरी सांधा पूर्ण बसत नाही आणि गाडी घसरते. कवचाचा कण मऊ असतो, पात्याच्या दाबाने बहुधा चिरडला जातो आणि चुंबकाशी त्याचा काही संबंध नसतो. फाइन आकाराची गडद राखी खडी इथे अगदी विरळ, एकेरी थरात टाकावी, गोंद सिरिंजच्या सुईने थेंबाथेंबाने द्यावा, आणि तो वाळेपर्यंत पाती दर काही मिनिटांनी दोन्ही बाजूंना सरकवत राहावीत. आडव्या पट्टीच्या खाली व दोन्ही बाजूंना खडी न टाकता तेवढा भाग फक्त काळपट राखी रंगाने रंगवून सोडला तरी पुरते, शेजारच्या बेसॉल्टशी रंग जुळवून घेतला की ती मोकळी जागा नजरेत भरत नाही.